मोडा जुनी, घ्या नवी!

नवी डिस्क मी चालवून दाखवणार आणि महिन्याभरात समोरच्या दुकानाला कुलूप लागणार, असं मी सगळ्या रस्त्याला छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं! समोरचं दुकान म्हणजे माझ्या मेहुण्याचं, बायकोच्या धाकट्या भावाचं. घरी पिक्चर बघायची जुनी डिस्क तो विकतो. माझ्याकडे, ही गोष्ट घडली त्या दिवसापासून, नवी. दिसायला दोन्ही सारख्याच, गोल आणि चकचकीत. पण नवी जुन्या प्लेअरवर चालत नाही आणि जुनी नव्यावर. अबोला धरलेल्या दोन जावांसारखं त्यांचं!

"चित्र इतकं स्वच्छ," नवी डिस्क काढणाऱ्या कंपनीचे साहेब माझ्या दुकानासमोर सांगत होते, "की हिरोच्या नाकातले केस मोजता येतील!"

"ते कशाला मोजायचे?" मेहुण्याने रस्त्यापलीकडून विचारलं. त्याचे कान असे!

साहेबांनी एक योजना आणली होती. जुनी डिस्क आणा, सगळ्यांसमोर मोडा, नवी फुकट घ्या. गर्दी चांगली जमली, पण मोडेना कोणी. सगळे आपापली डिस्क पोटाशी धरून उभे, जणू मी चोर!

"मालक, सुरुवात तुम्ही करा," साहेब म्हणाले. "तुमची सगळ्यात लाडकी डिस्क मोडा. लोकांना पटेल."

माझी लाडकी म्हणजे मारामारीचा एक पिक्चर. चाळीस वेळा तरी पाहिला असेन. हिरोच्या आधी मी बुक्की मारायचो. बायको गेल्यापासून सव्वा वर्षात मात्र एकदाही लावला नव्हता. मध्येच "अहो, आवाज कमी करा!" असं कोणी ओरडणार नसेल, तर त्यात काही मजा नाही.

दुकानाच्या वरच घर आहे. धावत गेलो, डबी आणली, डिस्क काढली, चकचकीत बाजू लोकांकडे केली आणि तिच्याकडे न बघताच कडकन मोडली! टाळ्या पडल्या. साहेबांनी तर शिट्टी मारली.

शेजारच्या शिंपीणबाईंनी खाली पडलेला तुकडा उचलला. "अहो, यावर हाताने काहीतरी लिहिलंय."

त्यांच्या तुकड्यावर होतं 'दुकानाचा'. माझ्या हातातल्या तुकड्यावर 'पहिला दिवस'. अक्षर माझ्या बायकोचं.

ही डिस्क मी सव्वा वर्ष शोधत होतो! अकरा मिनिटांचं शूटिंग. ती चालतेय, बोलतेय, असं तिचं माझ्याकडे एवढंच होतं. हातात येईल त्या डबीत हवी ती डिस्क टाकायची, ही तिची सवय. तिला सगळं पाठ असायचं. मला मेल्याला काय कळणार! घरातली एकूण एक डबी मी उघडून पाहिली होती, ही एक सोडून. हिच्यात काय आहे ते मला माहीत होतं ना!

"हे तुकडे तुमच्या मशीनवर चालवा!" मी साहेबांवर ओरडलो.

"मालक, अख्खी असती तरी चालली नसती. जुनी आहे ती."

"मग तुमच्या मशीनवर चालतं तरी काय?"

"सध्या तीन पिक्चर आहेत," साहेब म्हणाले. "म्हणजे दोन. तिसरा पुढच्या महिन्यात येतोय."

अहो, दोन पिक्चर घेऊन हा माणूस जग बदलायला निघाला होता! आणि त्याच्या शब्दावर मी माझी बायको मोडली!

मेहुणा कधी रस्ता ओलांडून आला, कळलंच नाही. त्याने माझ्या हातातला तुकडा बघितला आणि दंड धरला. "भावोजी, चला."

"कुठे?"

"चला म्हटलं ना!"

त्याच्या दुकानात त्याने मला स्टुलावर बसवलं आणि एक डबी काढली. वर लिहिलं होतं, 'तीस दिवसांत पोट कमी करा'.

"ही चेष्टेची वेळ आहे का रे?" मी भडकलो.

"उघडा तर! ताईनेच कॉपी करून ठेवायला दिली होती. म्हणाली, यांच्या त्या मारामारीच्या डबीत मी खरी डिस्क ठेवलीय. जीव गेला तरी तो पिक्चर ते टाकायचे नाहीत. पण नवीन काही दिसलं की यांना धीर धरवत नाही, म्हणून एक तुझ्याकडे असू दे."

सव्वा वर्ष मी घरभर शोधलं, पण याला एकदाही विचारलं नव्हतं!

त्याने डिस्क लावली. मी शिडीवर, पाटी ठोकतोय. आणि ती खालून ओरडतेय, "अहो, पाटी उलटी लावलीय! अरे, शूटिंग नंतर कर, आधी तुझ्या भावोजींना खाली उतरव!"

मागून हशा पिकला. वळून बघतो तर माझी सगळी गर्दी मेहुण्याच्या दारात! माझ्या दुकानात साहेब एकटे. शिंपीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "काय स्वच्छ दिसतंय हो! हाच प्लेअर द्या मला."

त्या दिवशी मेहुण्याचे नऊ प्लेअर गेले. दहावा मी घेतला, माझा जुना मी आदल्याच दिवशी मोडीत घातला होता.

कंपनीने पुढे नवी डिस्क बंद केली. पण नवं मशीन अगदीच वाया गेलं, असं कोणी म्हणू नये! ते मी टीव्हीच्या खाली टेकू म्हणून ठेवलंय. पूर्वी ती टीव्हीतून माझ्या गुडघ्यांकडे बघून ओरडायची. आता टीव्हीची उंची बरोबर झाली. थेट माझ्या तोंडाकडे बघून ओरडते.