सर्जेरावसाहेबांचा विरह दुप्पट वेगाने धावला, त्याची हकिगत

श्री भरल्या बॅटरीची कृपा असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, चित्रराज्यात कौस्तुभपंत देवळेकर म्हणोन नवे दिग्दर्शक उदयास आले. आजवरचा पराक्रम मामेबहिणीकडील बारशाचा व्हिडिओ, इतकाच. परंतु एक शॉर्टफिल्म काढावी हा ध्यास. मग पंत वीटभट्ट्यांचे धनी सर्जेरावसाहेब यांस भेटले. साहेबांस स्वकंठे गाण्याचा नाद. साहेब बोलिले, "माझ्या विरहगीताचा व्हिडिओ काढा. नाव झालं तर तुमच्या शॉर्टफिल्मचा खर्च आपल्याकडं. हसं झालं तर भट्टीत घालीन."

मग नदीकाठी मोहीम मांडली. या राज्याची रीत अशी की, केस आणि पदर संथ लहरावे म्हणोन गाणे दुप्पट वेगाने वाजवावे, नटाने त्याच घाईने ओठ हलवावे, कॅमेऱ्यानेही दुप्पट चित्रे टिपावी, आणि मागाहून सर्व निम्म्या वेगावर आणावे, म्हणजे ओठ जुळोन विरह शोभतो. त्याप्रमाणे गाणे पळाले आणि साहेबही छाती बडवीत वाळूत लोळले, आणि तृप्त होवोन नवस फेडण्यास तिरुपतीस जावोन केस-मिश्या देवास वाहोन आले. मग पंत संगणकापाशी बैसोन पाहतात, तो कॅमेरा साध्याच चालीने चाललेला! "दिलीपराव, हे काय हो?" कॅमेरावाले दिलीपराव चहा फुंकीत बोलिले, "तुम्ही गाणं पळवा म्हणालात. कॅमेरा पळवा कुठं म्हणालात?" निम्म्यावर आणावे तर चित्र उचकी लागल्यासारखे अडखळे. न आणावे तर साहेब मुंग्या चावल्यासारखे रडत. आणि पुन्हा काढावे तर मिशी तिरुपतीस राहिली.

आणि साहेबांनी तर गोतावळा जमवोन व्हिडिओ पाहण्याचा दरबारच भरविला. पंत चपला हाताशी ठेवोन दारात बैसले. पडद्यावर गाणे संथ आणि साहेब पिसाट. तोच साहेबांचे कुटुंब आक्कासाहेब पदर तोंडास लावोन बोलिल्या, "अगं बाई, अगदी अस्सेच रडतात! मी माहेरी निघाले की रिक्षा सुटेपर्यंत उरकून घेतात!" तो दरबार गडबडा लोळला आणि साहेबांचा चेहरा भाजल्या विटेप्रमाणे झाला. पंतांनी एक चप्पल पायात सरकविली. इतक्यात व्याही डोळे पुसत बोलिले, "अहो सर्जेराव, पुन्हा लावा! एवढं विनोदी काम जमतं, कधी बोलला नाहीत ते?"

साहेब खाकरले. मिशी नव्हती तेथे पीळ दिला. "मग! मीच पंतांना म्हटलं, रडगाणी सगळेच काढतात. काय हो पंत?"

"तर! कल्पना साहेबांचीच," पंत बोलिले, आणि चप्पल काढोन मांडी घालोन बैसले, आणि समोर आलेले लाडू पोटभर खाल्ले.

येणेप्रमाणे शॉर्टफिल्म सिद्धीस गेली. साहेबांनी त्यात मुख्य पात्र मागितले, सबब पंतांनी त्यांस मुडदा केले. वेग कसाही ठेवा, जुळतोच. साहेब एकदाच शिंकले, तेवढे कापिले.