पल्लवीला मिळालेलं बक्षीस

रुजू झाली त्याच दिवशी पल्लवीनं माझी मुलाखत घेतली. माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर अर्धी टेकून, पाय हलवत.

"मॅडम, तुम्ही इथं खुश आहात का?"

"मी अकाउंट्सला आहे," मी म्हणाले.

"ते माहीत आहे. खुश आहात का?"

हिंगणघाटच्या या कापसाच्या जिनिंग मिलमध्ये माझी निम्मी हयात गेली, पण हे कोणी विचारलं नव्हतं. मी तिला टेबलावरून उतरवलं आणि हातात बिलं दिली.

बिलं तिनं दुपारच्या आत संपवली. एकही चूक नाही. मग माझ्या शेजारी येऊन उभी. "कसं झालं?"

"काय कसं झालं?"

"काम. सांगा ना."

आमच्याकडे अशी पद्धत नाही. शेठजी ओरडले नाहीत म्हणजे काम चांगलं झालं, हे आपलं आपण समजून घ्यायचं. पल्लवी समजून घेणाऱ्यांतली नव्हती. ती सरळ केबिनमध्ये शिरली. "शेठजी, चुकलं तर बोलता, मग बरोबर असलं तर काऊन नाई बोलत?"

शेठजींनी दारातून माझ्याकडे पाहिलं. "ये लडकी क्या माँग रही है?"

"शाबासकी," मी म्हणाले.

त्यांनी घाबरून देवापुढच्या वाटीतला पेढा तिच्या हातावर ठेवला. मग ती रोजच जाऊ लागली. पेढा नसेल त्या दिवशी खडीसाखर.

एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं. लॅपटॉप घेऊन कधी खिडकीत, कधी रुईच्या गाठींवर, कधी फाटकाजवळच्या वजनकाट्यावर. तिथं देवरावभाऊ कापसाच्या गाड्या तोलायचे आणि ही त्यांना विचारायची, "भाऊ, तुमाले या नोकरीकडून काय पाहिजे?"

"पंखा," भाऊ म्हणाले.

तिनं शेठजींचा पिच्छा पुरवून पंखा लावून घेतला. मला तिचा वैताग यायचा. ती केबिनमधून बाहेर येईपर्यंत माझं कामात लक्ष लागायचं नाही.

हंगाम संपला, मशिनी थांबल्या. देवरावभाऊ आपल्या वावरात गेले, ऑफिसात आम्ही चारदोन माणसं उरलो. शेठजींना वेगळीच काळजी. पोरगी हुशार, नागपूरवाले पळवतील. त्यांनी मला विचारलं. मी मोबाइलवर वाचलेलं ठोकून दिलं, "नव्या पोरांना ऑफिस नको असतं. घरून काम द्या, टिकेल."

दुसऱ्याच दिवशी शेठजींनी तिला बोलावलं. "कल से घर से काम. ऑफिस आने की जरूरत नहीं." चेहरा मोठं दान केल्याचा.

पल्लवी नुसतं "बरं" म्हणाली. काऊन नाही, कसं नाही. मला वाटलं, आनंदानं वाचा बसली असेल.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी फाटकाशी गेले, तर काट्याची खोली कुलूपबंद आणि बाहेरच्या ओट्यावर ही, मांडीवर लॅपटॉप.

"काऊन गं? तुले घरून काम दिलं ना?"

"करूनच राह्यली ना, मॅडम. फक्त इथं बसून."

"अल्लीपूरवरून गाडी हाकत येऊन?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तुटक तुटक बोलली. आई-बाबा दिवाळीपासून पुण्याला, भावाचं लेकरू सांभाळायला. अल्लीपूरच्या घरात ही एकटी.

"सकाळी उठली की टीव्ही लावते, घरात कोणी बोलून राह्यलं असं वाटावं म्हणून. मालिकेतल्या सासूले उत्तरं देते मॅडम मी."

मला हसू आलं. ती हसत नव्हती.

"लय प्रश्न विचारते म्हणून काढलं का मले?"

"काढलं नाही गं. बक्षीस होतं ते."

"असं बक्षीस?"

मी तिथूनच शेठजींना फोन लावला. म्हटलं, पल्लवीला घरून जमत नाही.

"क्यों? नेट की दिक्कत?"

आता हे सगळं फोनवर कोण समजावत बसणार? "हो," मी म्हणाले. "नेटच."

"तो बुला लो."

ओटा तव्यासारखा तापला होता. छपराच्या टिनाची सावली कधीच भिंतीला जाऊन चिकटली होती.

"चल आत," मी म्हणाले. "या उन्हात स्क्रीन तरी दिसते का तुले?"

"नाई दिसत," ती लॅपटॉप मिटत म्हणाली. "सकाळपासून नाई दिसत."