तात्यांची दोन दारं

आमच्या शेजारच्या तात्या सुर्व्यांच्या घरात सरळ शिरता येत नसे. आधी बाहेरचं जाळीचं दार उघडायचं, दोन माणसं जेमतेम मावतील एवढ्या बोळकांडीत उभं राहायचं, ते दार लावून घ्यायचं. मग तात्या तुमच्या डोक्यापासून पायापर्यंत पंचा झटकणार आणि त्यानंतरच आतलं दार उघडणार. पाहुणा कचेरीतला साहेब असो की मासळीवाली, पंचा कुणाला चुकला नाही.

"एक लावा, मग एक उघडा. काय समजलात?" हे त्यांचं स्वागत.

मी तेव्हा साताऱ्याहून बदली होऊन रत्नागिरीच्या शाळेत नुकताच आलो होतो. पहिल्या दिवशी वाटलं, म्हाताऱ्याला भुताखेतांची भीती असावी. पण वैर होतं ते डासांशी. तात्यांची सारी नोकरी बोटीवर, इंजिनाच्या खोलीत गेलेली. पाणी कुठल्या फटीतून आत येईल याचा विचार करण्यात जन्म गेला, आणि आता पाण्याच्या जागी डास आले होते एवढंच. खिडक्यांना जाळ्या, विहिरीवर जाळी, विहिरीत गप्पी मासे. चिऱ्याच्या भिंती आणि कौलं यांच्यामधल्या फटीसुद्धा त्यांनी शिडीवर चढून काथ्या आणि सिमेंटने बुजवल्या होत्या.

"अहो तात्या, वारा कुठून येणार?"

"वाऱ्याला जाळीतून येता येतं, मास्तर. तो डासापेक्षा बारीक असतो."

डास कसा बसतो यावर ते तासभर बोलू शकत. "पोक काढून बसला तर बसूदे. शेपूट वर करून बसला, की तो मलेरियावाला." पण मारताना मात्र भेदभाव नव्हता. पोकवाल्यालाही चापट बसायचीच.

आळीत घराला सगळे 'पिंजरा' म्हणत. तात्यांच्या कानावर ते होतं, पण त्यांनी मनाला लावून घेतलं नाही.

खरी गंमत गणपतीला झाली. मूर्ती घेऊन दोघं बोळकांडीत शिरले आणि तात्यांनी मागचं दार लावून घेतलं. गणपती आत पोचला, मागून आलेले भटजी बोळकांडीत अडकले आणि झांजा बाहेर अंगणात, खळ्यात वाजत राहिल्या. भटजी मंत्र सोडून ओरडायला लागले, "अहो सुर्वे, मला आत घ्या!"

"घेतो. बाप्पाला पंचा नाही, तुम्हाला आहे."

आम्ही हसून हसून बेजार झालो. तात्यांची मुलगी सुनंदा मुंबईहून आली होती, तीही डोळे पुसत हसत होती. तेवढ्यात माझ्या बायकोने सहज विचारलं, "लेकीला नाही आणलंत, छकुलीला?"

सुनंदाचं हसू थांबलं. "इथून गेल्यावर तिला मलेरिया झाला हो, मागे एकदा. फार वाईट अवस्था झाली होती. तेव्हापासून सासरचे तिला पाठवत नाहीत. माझाही धीर होत नाही."

तात्या पंचा घेऊन दाराशीच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. थोड्या वेळाने पाहिलं तर आरती सोडून ते स्टुलावर चढून माजघराच्या खिडकीची जाळी बोटाने चाचपत होते.

त्यानंतर मी पिंजरा म्हणणं सोडलं.

पुढे जावईबापू कामानिमित्त रत्नागिरीला आले आणि सासऱ्याकडे मुक्काम करून गेले. सकाळी तात्यांनी त्यांचे हात, पाय, मान, सगळं उजेडात तपासलं. जावई लाजून अर्धा झाला, पण अंगावर डास चावल्याची एकही गांधी सापडली नाही.

मे महिन्यात सुनंदा छकुलीला घेऊन आली. एसटीच्या प्रवासाने पोर शिणली होती. जेवली आणि माजघरात जी झोपली ती उठेचना. दिवेलागणीला मी शाळेच्या कामावरून परतलो, तर तात्या बाहेर पायरीवर उघडे बसलेले. ही डासांची वेळ. एरवी या वेळी ते कधी दाराबाहेर दिसायचे नाहीत.

"तात्या, बाहेर कसे? आत जा ना."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. दाराची स्प्रिंग करकरते हो. उठेल ती."

त्यांच्या पाठीवर, दंडांवर डास बसत होते. तात्या तळहाताने त्यांना अलगद बाजूला सारत होते. मारत नव्हते. चापटीचा आवाज झाला असता.