वडीलकीचं जेवण

"आज संध्याकाळी येतायत," शांतवनने सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच सांगून टाकलं. "पाळकसाहेब आणि देवकुळेगुरुजी. जेवायलाच."

सुनीतीच्या हातातली भाकरी परातीतच थांबली. "आज? पुढच्या शनिवारी म्हणाले होते ना?"

"निवड उद्या उपासनेनंतर आहे. पुढच्या शनिवारी येऊन काय करतील, भांडी घासतील?"

ख्रिस्ती मंडळीतला वडील म्हणजे वयाने वडील असतोच असं नाही. पाळकसाहेबांच्या जोडीने मंडळीचा कारभार बघायचा, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, भांडणं मिटवायची आणि दर रविवारी पहिल्या बाकावर ताठ बसायचं, हे त्याचं काम. तो कसा असावा हे पवित्र शास्त्रात सांगून ठेवलेलं होतं. एका बायकोचा नवरा हवा, दारूला न शिवणारा हवा, आल्यागेल्याचं करणारा हवा, स्वतःची पोरं धाकात ठेवणारा हवा. बायकोही गंभीर हवी, लोकांबद्दल वाकडं बोलणारी नको. आता हे सगळं देवळाच्या पायरीवर हात मिळवून कसं कळणार? म्हणून निवडीच्या आधी पाळकसाहेबांनी आणि सगळ्यांत जुन्या वडिलांनी उमेदवाराच्या घरी जेवून यायचं, अशी त्यांच्या मंडळीत चाल पडली होती.

सुनीतीला लग्नाआधी एकदा बघून झालं होतं. तेव्हा नुसतं चालून दाखवायचं होतं आणि एक गीत म्हणायचं होतं. आता पाच वर्षांच्या पोरीसकट नापास व्हायची सोय होती.

भाकरी थापता थापता तिने मनातल्या मनात पेपर सोडवून पाहिला. बायको एकच, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दारूचं म्हणाल तर शांतवनला खोकल्याचं औषधसुद्धा चढायचं. आल्यागेल्याचं ती जीव ओतून करायची. राहिली पोर, रुथी. आणि राहिली ती स्वतः. सुनीती बी.ए. झालेली, नजर तिखट. देवळात शेवटून तिसऱ्या बाकावर बसून तिला सगळं दिसायचं आणि घरी आल्यावर ते बोलल्याशिवाय पोटात राहायचं नाही. देवकुळेगुरुजी पहिल्या बाकाकडे जाताना मान कशी पुढे काढतात आणि छाती कशी फुगवतात, हे तिने एकदा स्वयंपाकघरात चालूनही दाखवलं होतं. शांतवन हसून हसून पाटावरून घसरला होता.

पण शांतवनला वडील व्हायचं होतं. तोंडाने तो कधी बोलला नाही. त्याचे वडील देवळाचे शिपाई होते. जन्मभर त्यांनी घंटा वाजवली, बाकांवरची धूळ पुसली आणि उपासनेला मात्र दाराशी उभे राहिले. गेले दोन आठवडे शांतवन घरातल्या साध्या खुर्चीवरसुद्धा ताठ बसायला लागला होता, आणि ते सुनीतीने पाहिलं होतं. आपल्या जिभेपायी याचा बाक जायला नको.

"मटण आणू?" शांतवनने विचारलं.

"आता चांगलं कुठलं मिळायला! बायडाबाईंना विचारा. कोंबडा द्या म्हणावं, तो मोठा तुरेवाला."

शेजारच्या बायडाबाईंनी भिंतीपलीकडूनच उत्तर दिलं. त्यांना विचारावं लागायचं नाही, ऐकूच जायचं. "देतो की वो! कापून, साफ करून देतो. तुमी मसाला वाटा. पर सायबलोकं येनार म्हंजे रस्सा झनझनीत करा, नाव निगालं पायजे आमच्या कोंबड्याचं!"

दुपारी रुथी रविवारच्या शब्बाथ शाळेच्या गाण्याच्या सरावाला गेलेली असताना साफ केलेल्या तुकड्यांचं पातेलं भिंतीवरून अलीकडे आलं. संध्याकाळी वेणी घालताना सुनीतीने पोरीला बजावलं, "पाहुण्यांना सलाम म्हणायचं. विचारलं तर पाठ केलेलं वचन म्हणायचं. बाकी काही बोलायचं नाही. कळलं?"

"तहान लागली तर?"

"तहान लागणार नाही."

पाहुणे आले. पाळकसाहेब अंगाने भरलेले, हसरे; दारातच त्यांनी डोळे मिटून रश्शाचा वास घेतला आणि "प्रभूची कृपा आहे" म्हणाले. देवकुळेगुरुजी मंडळीतले सगळ्यांत जुने वडील, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी आधी घर तपासलं. टेबलावरचं शास्त्र उघडून पानं एकमेकांना चिकटलेली नाहीत ना, ते पाहिलं. कोपऱ्यातल्या बाटलीचं बूच काढून वास घेतला.

"फिनेल आहे ते," सुनीती घाईने म्हणाली.

"समजलं," गुरुजी डोळे पुसत म्हणाले.

रुथीने सलाम केला. वचन म्हणून दाखवलं, एकही शब्द न चुकता. गुरुजींची मान दोनदा हलली. शांतवनने सुनीतीकडे असं पाहिलं, की जणू पहिल्या बाकावर त्याने रुमाल टाकून जागा धरलीच होती.

पानं वाढली. पाळकसाहेबांनी आभाराची प्रार्थना जरा उरकतीच घेतली. गुरुजींनी भाकरी मोडली, तंगडी उचलली आणि ती तोंडाशी नेली, तेवढ्यात रुथीने पातेल्यात वाकून पाहिलं.

"आई, हे कोण आहे?"

"कोंबडा आहे. जेव गपचूप."

"हो, पण कोण?"

सुनीतीने डोळे वटारले. रुथीचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ती मागच्या दाराकडे धावली, तुरेवाला कोंबडा रोज बसायचा त्या भिंतीवर नजर टाकली, परत आली आणि तिने भोकांड पसरलं.

"आई गं! देवकुळेआजोबांना कापलं!"

गुरुजींची तंगडी ओठांशी थांबली. त्यांनी ती एकदा नीट पाहिली आणि सावकाश ताटात ठेवली.

"काय म्हणाली ही?"

"लहान आहे," शांतवन म्हणाला. "झोप आलीय तिला."

"मला झोप नाही आली!" रुथी हुंदके देत म्हणाली. "देवकुळेआजोबांना रश्शात घातलं तुम्ही! मी बाप्तिस्मा दिला होता त्यांना!"

पाळकसाहेबांना ठसका लागला. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, पण हसू आवरेना, तेव्हा तो तोंडासमोर नुसता धरून बसले. गुरुजी हसले नाहीत. चाळीस वर्षं वर्गात चौकशा केलेल्या माणसाने मांडी सावरली.

"बाळ, इकडे ये. बाप्तिस्मा कसा दिलास? पाण्यात बुडवून?"

"नाही. डोक्यावर शिंपडून. तुरा ओला झाला फक्त."

"हं. पद्धत बरोबर आहे, आपल्याच मंडळीची. आणि नाव माझंच का ठेवलंस?"

सुनीतीला वाटलं, आता फरशी दुभंगावी. रुथीने आईकडे पाहिलं. बाकी काही बोलायचं नाही, हे तिला आठवलं असावं. पण वडीलधाऱ्यांनी विचारलं तर खरंच सांगायचं, हेही तिला शिकवलेलंच होतं.

"तो तुमच्यासारखा चालतो. मान पुढे काढून. आई म्हणा..."

"मी म्हणालो!" शांतवन मध्येच ओरडला. त्याचे कान लाल झाले होते. "मी म्हणालो होतो, गुरुजी. माझंच चुकलं."

"बाबा, खोटं नका ना बोलू," रुथी डोळे पुसत समजुतीने म्हणाली. "तुम्ही नुसते हसलात. पाटावरून पडलात."

सुनीतीने पदर सावरला. नवरा तर आता दोन्हीकडून गेला होता: बायको गंभीर नाही, आणि स्वतः वडिलांसमोर धडधडीत खोटं बोलला. तिने मान वर केली. "मीच म्हणाले, गुरुजी. चालूनही मीच दाखवलं. त्यांना काही बोलू नका. शिक्षा द्यायची तर मला द्या, पण उद्याची निवड..."

गुरुजी काही बोलणार, एवढ्यात मागच्या अंगणात काठी आपटल्याचा आवाज आला. कौलावरून काहीतरी फडफडत खाली आलं आणि मागच्या दारातून थेट घरात शिरलं. मान पुढे, छाती फुगलेली, तुरा तांबडालाल. कोंबड्याने पंगतीवर एक नजर फिरवली आणि मोठ्याने बांग दिली.

"देवकुळेआजोबा!" रुथीने त्याला मिठी मारली.

मागोमाग काठी घेऊन बायडाबाई आल्या. "सकाळधरनं कौलावर जाऊन बसलाय बघा मुडदा! गावंना झाला म्हनून दुसरं कापून दिलं. सांगायचं ऱ्हाऊनच गेलं की. सलाम वो पावणं, जेवा तुमी, जेवा!"

गुरुजी कोंबड्याकडे बघत होते, कोंबडा गुरुजींकडे. दोघांचीही मान पुढे होती. सुनीतीने जीभ दाताखाली धरली. आपण जिवंत आहोत हे गुरुजींना आधीपासून ठाऊक असणारच. तरी त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

पाळकसाहेबांनी मात्र आता हात मोकळा सोडला. हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. "गुरुजी, वाचलात हं! अहो, प्रत्यक्ष स्वतःलाच खायला बसला होतात!" असं म्हणत त्यांनी पुन्हा रस्सा वाढून घेतला आणि नळी चोखायला घेतली. "वा, सुनीतीबाई! लुसलुशीत आहे अगदी. चांगलं पोसलेलं दिसतंय."

रुथी कोंबड्याला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिने अंगणात डोकावून खुराड्याकडे जाणाऱ्या कोंबड्या नीट बघून घेतल्या. मग वळून तिने काळजीने विचारलं, "बायडामावशी, मग पाळकसाहेब कुठायत?"

नळीचा आवाज बंद झाला.

"ती ढवळी जाडी व्हय? तीच तर कापली," बायडाबाई म्हणाल्या, आणि काहीतरी चुकलंय एवढं कळून काठीसकट मागच्या मागे निघून गेल्या.

पाळकसाहेबांनी आपल्या ताटाकडे पाहिलं. गुरुजींनी पाळकसाहेबांच्या ताटाकडे पाहिलं. मग गुरुजींनी रुथीला हळूच विचारलं, "हे नावही आईनेच सुचवलं का बाळ?"

"नाही. हे मी माझं माझंच पाहिलं. ती सारखी खात असते."

आणि तेव्हा देवकुळेगुरुजी हसले. मंडळीत आजवर कुणीही न पाहिलेलं हसू. आधी खांदे हलले, मग मिशा हलल्या, मग त्यांनी मांडीवर थाप मारली आणि धोतराला रस्सा लागला तरी त्यांना भान राहिलं नाही. बाजूला ठेवलेली तंगडी उचलून त्यांनी पाळकसाहेबांपुढे धरली. "घ्या साहेब, ही तुमचीच आहे!" आणि साहेब घेईनात, तेव्हा स्वतःच खाल्ली, पार हाडापर्यंत.

हात धुताना ते शांतवनला म्हणाले, "शांतवनराव, तुम्ही खोटं बोललात. पण बायकोला पुढे करून स्वतः मागे लपणारे वडील मी पुष्कळ पाहिलेत. शास्त्रातला पहिला माणूसच तसा निघाला, फळ खाल्लं आणि बोट बायकोकडे दाखवलं; मग इतरांचं काय! तुम्ही पुढे झालात." मग सुनीतीकडे वळून, "आणि वडिलांच्या घरात पक्षपात नसावा. तो इथे नाही, हे आम्ही दोघांनी आत्ताच खाऊन पाहिलं. काय साहेब?"

पाळकसाहेबांनी पाणी पीत मान हलवली. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

रविवारी निवड झाली. सगळ्यांत पहिला हात गुरुजींचा वर गेला. शांतवन पहिल्या बाकावर जाऊन बसला, आणि बसण्याआधी त्याने बाकावरून बापाच्या सवयीने रुमाल फिरवला, तेव्हा शेवटून तिसऱ्या बाकावर सुनीतीला समोरचं दिसेनासं झालं.

बुधवारी संध्याकाळी गुरुजी नव्या वडिलांना कामं समजावून द्यायला आले. वडिलाने कमी बोलावं, चालणं-बोलणं भारदस्त ठेवावं, लोकांना त्याच्याकडे बघून आदर वाटला पाहिजे, असं त्यांचं सांगणं चाललं होतं. शांतवन ताठ बसून ऐकत होता. सुनीती चहा घेऊन आली, गंभीर चेहऱ्याने. सगळं कसं रीतसर चाललं होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून बायडाबाईंचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

"अवो सुनीतीबाई! तुमच्या पोरीनं परवादिशी त्या तांबड्या तलंगीला तुमच्या मालकांचं नाव ठेवलंय न्हवं, वडीलसायब म्हनून? ऐकलंसा का, आज पैलं अंडं घातलंय की वो वडीलसायबांनी!"

सुनीतीने पदराचा बोळा तोंडात कोंबला. देवकुळेगुरुजींनी चहाचा कप शांतपणे खाली ठेवला, उठून उभे राहिले आणि नव्या वडिलांचा हात हातात घेतला.

"अभिनंदन," ते म्हणाले.