‘झालं का?’ची वारंवारिता

कोणतीही वस्तू सतत हलवली की तापते, हे निसर्गाप्रमाणेच प्रशासनालाही मान्य आहे. आमच्या संशोधन संस्थेचे संचालक या तत्त्वाला धरून दर तासाला प्रत्येक खोलीत डोकावत आणि विचारत, "झालं का?" दुपारपर्यंत सगळ्यांची डोकी तापलेली असत. (डबे मात्र गारच.)

तळघरात अणू हलवणाऱ्या संशोधिकाबाईंना आठ दिवसांची रजा हवी होती. सख्ख्या बहिणीचं लग्न होतं.

"प्रयोग संपवा आणि खुशाल जा. झालं का?"

"झालं ना, सर. अणू हळू हलवले की तापतात. भलत्याच वेगाने हलवले की तापतच नाहीत."

"ते कसं काय?"

"ऊर्जेचा घास इतका मोठा होतो, की तो गिळायला शंभरेक अणूंचं एकमत व्हावं लागतं."

संचालकांची बावीस वर्षं समित्यांत गेली होती. "शंभर जणांचं एकमत? म्हणजे कधीच नाही!"

"होतं सर कधीतरी, पण फार उशिरा. तर माझी रजा..."

संचालक जिना चढून गेलेसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या हुकमाने सर्वांच्या फोनवर (संचालकांच्याही) दर चार सेकंदांनी "झालं का?" येऊ लागलं. कपाळांचं तापमान मोजायला समिती नेमली गेली. आठवड्याचा निकाल दृष्ट लागण्यासारखा होता: चिडचिड ९४ टक्क्यांनी कमी, भांडणं शून्य, काम शून्य (हा रकाना पुढे वगळण्यात आला). लेखनिकाच्या टेबलावरचा पंखा पेटला तेव्हाही कोणी तापलं नाही. (पंखा सोडून.)

बाईंनी रजेचा अर्ज फोनवरच पाठवला. तो दोन "झालं का?"च्या मधून संचालकांना स्पर्शही न करता निघून गेला. होकार नाही, नकार नाही. बाई सरळ लग्नाला गेल्या.

समितीने नेमाने त्यांच्या रिकाम्या खुर्चीचं तापमान घेतलं. चोवीस अंश. संस्थेतला नीचांक! परतल्यावर त्यांना पदक मिळालं.

"हे जमवलंत कसं?" संचालकांनी विचारलं.

"मी इथे नव्हतेच, सर."

"वा! असंच चालू ठेवा."

वाचकांना ही अतिशयोक्ती वाटेल. पूर्वी दारात सकाळी एकदाच बातम्या पडत आणि तुम्ही रात्रीपर्यंत तापलेले असायचात. आता त्या दर चार सेकंदांनी येतात. जरा कपाळाला हात लावून पाहा.

चोवीस अंश. अभिनंदन.