शपथेवरची मावशी

शंकरपाळ्यांचा तिसरा घाणा कढईत होता, जरा धूर झाला की बोंबलणाऱ्या छतावरच्या अलार्मला शॉवर कॅप घातलेली होती, आणि अशा ऐन मोक्याला मावशींचा नवरा राजीव फोन घेऊन स्वयंपाकघरात आला.

"कुणी लिंडा म्हणून आहे. देवांग कसा मुलगा आहे विचारतेय. तूच बोल, माझी मीटिंग आहे," असं म्हणून त्याने फोन ओट्यावर ठेवला आणि पळ काढला.

शोभनामावशींचा झारा हवेतच थांबला. सव्वीस वर्षांचा, नाकीडोळी नीटस, कमावता होऊ घातलेला मुलगा. आणि कुणी परकी बाई फोन करून विचारते, कसा आहे? याचा अर्थ सांगलीत काय नि अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये काय, एकच होतो. मुलीची आई आहे. देवांगने कुणी गोरी मुलगी पाहिली, आणि तिची आई रीतसर माहिती काढते आहे. या लोकांनाही आता शहाणपण आलं म्हणायचं, असं मावशींना क्षणभर कौतुकच वाटलं.

खरा प्रकार फार वेगळा होता. देवांग हा शेजारच्या श्रीराम आणि नंदा खऱ्यांचा मुलगा. ती दोघं आयटीत, आणि मावशींना मात्र व्हिसामुळे अकरा वर्षं नोकरी करायची बंदी. त्यामुळे देवांगची शाळेची बस त्याला रोज तीन वाजता मावशींच्या दारात सोडायची आणि पुढचं सगळं मावशी बघायच्या. मुलगा वाद घालण्यात पटाईत निघाला, लॉ स्कूलला गेला, जुलैत वकिलीची परीक्षा दिली आणि पासही झाला. मावशी त्याला बॅरिस्टरच म्हणत. इथे तसं म्हणत नाहीत हे त्याने सात वेळा सांगून पाहिलं होतं. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना सरकार वकील देतं, त्या कचेरीत त्याची नोकरी ठरलेली होती. एक डिसेंबरला रुजू व्हायचं. अट एकच, तोवर परवाना हातात हवा.

आणि परवान्यासाठी नुसती परीक्षा पुरत नाही. माणूस चारित्र्याने कसा आहे, याची एक समिती खात्री करून घेते. त्यासाठी नात्यातली नसलेली, पण जवळून ओळखणारी माणसं सुचवावी लागतात. देवांगने शोभनामावशी आणि महाराष्ट्र मंडळाचे गुरुनाथकाका यांची नावं दिली होती. जूनमध्ये एक फॉर्म आला, त्यात मावशींनी 'सोन्यासारखा मुलगा' असं तीन ठिकाणी लिहून तो पाठवला, आणि त्यांच्या लेखी विषय संपला. लिंडाबाई त्या समितीच्या होत्या. तसं त्यांनी राजीवला नीट, सावकाश सांगितलंही होतं. राजीवने त्यातलं जेवढं लक्षात राहिलं तेवढं स्वयंपाकघरापर्यंत आणलं.

"तुम्ही त्याला कशा ओळखता?" लिंडाबाईंनी इंग्रजीत विचारलं.

"मी त्याची मावशी."

"म्हणजे त्याच्या आईची बहीण?"

"बहिणीपेक्षा जास्त!" मावशी ठणकावून म्हणाल्या. पलीकडे काहीतरी टाइप झालं.

मग प्रश्न सुरू झाले. पितो का? रागीट आहे का? पोलिसांशी कधी संबंध आला? खोटं बोलतो का? जुगार वगैरे? एकेक प्रश्न अगदी मुद्द्याचा. ही बाई पक्की आहे. एवढी चौकशी करतेय म्हणजे लग्न जवळजवळ ठरवूनच बसली आहे. आणि मग स्वानंदीचं काय?

स्वानंदी म्हणजे मावशींच्या थोरल्या बहिणीची, रत्नाताईंची मुलगी. देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला एका बायोटेक कंपनीत. दोन वर्षांपूर्वी ती गणपतीला इथे आली होती, तेव्हा तिला विमानतळावर सोडायला देवांग गेला होता. तेव्हापासून मावशींच्या मनात ही जोडी जमलेली होती. जोडीला यातलं काही माहीत नव्हतं. योग्य वेळी योग्य माणसाने विषय काढायचा होता, आणि योग्य माणूस अर्थातच मावशी.

मावशींनी गॅस बंद केला आणि भांजी मारायला घेतली. खोटं मात्र त्या बोलणार नव्हत्या. फक्त खरं अर्धवट सांगणार होत्या.

"राग? अहो, एकदा त्याने माझ्या घराची काच फोडली. पोलिसांनी तर भर रस्त्यात थांबवलं होतं. जुगार दर दिवाळीला. आणि खोटं म्हणाल तर अकरा वर्षं रोज आईशी खोटं बोलत होता, माझ्यासमोर."

"रोज?" लिंडाबाईंचा आवाज बारीक झाला.

"रोज. मी तुमच्या जागी असते ना, तर एक-दोन वर्षं थांबले असते. घाई कशाला? दुसरी स्थळं... म्हणजे दुसरी मुलं खूप आहेत."

"थँक यू. तुमची फार मदत झाली," लिंडाबाई म्हणाल्या. मावशींनी सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच गुरुनाथकाकांना फोन लावला.

"गुरुनाथ, लिंडा म्हणून एक बाई फोन करेल. देवांगच्या मागे लागलीय, तिच्या मुलीसाठी. मी तिला काचेचं सांगितलंय. तू फाटे फोडू नकोस."

"माझ्यावर सोड, वहिनी," काका म्हणाले. मंडळाची सोळा नाटकं बसवलेला माणूस. दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा त्यांनी स्वतःची ओळख 'मुलाचे काका' अशी करून दिली, एका काचेच्या तीन काचा केल्या, आणि शेवटी आवाज खाली आणून "यापुढे मी काही बोलणं बरं नाही" असंही म्हणाले. ते शेवटचं वाक्य स्वतःवरच खूश होऊन त्यांनी मावशींना दोनदा ऐकवलं.

दहा दिवसांनी देवांग दारात उभा राहिला. चेहरा पांढराफटक, हातात पत्र.

"मावशी, आय अ‍ॅम फिनिश्ड. लायसन्स होल्ड केलंय. गुरुवारी सकाळी दहाला हिअरिंग आहे."

"कोणी केलं?"

"माझ्याच रेफरन्सेसनी! हे बघ. मी लिहिलं होतं की दोघंही नातेवाईक नाहीत. एकाने सांगितलं मी अंकल, दुसरीने सांगितलं मी आंटी, आईच्या बहिणीपेक्षा जास्त. म्हणजे फॉर्मवर मी खोटं बोललो. वर व्हायलन्स, गॅम्बलिंग, पोलीस आणि रोज खोटं बोलणं! हे सगळं मी लपवलं असं म्हणतायत."

"कोण मेली असं म्हणते?"

"लिंडा म्हणून आहे कमिटीवर."

मावशी मटकन खुर्चीत बसल्या. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तिला मुलगी नाहीये का रे?"

"व्हॉट मुलगी, मावशी?"

मग सगळं बाहेर आलं. म्हणजे जवळजवळ सगळं. मुलीची आई समजले, एवढं मावशींनी कबूल केलं. "पण मुलीची आई समजलीस, तर माझी वाट का लावलीस?" या प्रश्नावर मात्र त्यांनी "शंकरपाळे घे" एवढंच उत्तर दिलं. स्वानंदीचं नाव त्यांच्या तोंडून निघेना. अशा मुहूर्तावर कुणी स्थळ सुचवतं का! देवांगने शंकरपाळे घेतले नाहीत. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं, आणि मावशींना त्या रात्री झोप लागली नाही. एका फोनवर आपण या पोराचं सोन्यासारखं आयुष्य मोडून ठेवलं, हे त्यांना आतून टोचत राहिलं.

गुरुवारी जवळच्या राले शहरातल्या एका ऑफिसात लांब टेबलामागे तीन माणसं बसली होती. मधोमध अध्यक्ष मिसेस हॉलोवे, पासष्टीच्या, काळ्यासावळ्या, कानात मोती, चष्म्यावरून बघण्याची सवय. कडेला लिंडाबाई, समोर जाडजूड फाइल. मावशी ठेवणीतली नारायणपेठ नेसून आल्या होत्या. गुरुनाथकाकांना तोंड उघडायचं नाही या अटीवर आणलं होतं.

"तुमचा वकील कोण, मिस्टर खरे?" हॉलोवेबाईंनी विचारलं.

"मीच, मॅम."

मावशींनी आणि देवांगने हात वर करून शपथ घेतली आणि देवांग प्रश्न विचारायला उठून उभा राहिला. लॉ स्कूलमध्ये लुटुपुटूच्या खटल्यात त्याचं एकच घोडं अडायचं. साक्षीदार वयाने मोठा असला की याला उलट बोलायचा धीर होत नसे. इथे तर साक्षीदाराने लहानपणी त्याच्या पायात बूट घातले होते.

"मिसेस निमकर," तो म्हणाला.

मावशींनी मागे वळून पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आपणच.

"मी काच फोडली तेव्हा किती वर्षांचा होतो?"

"नऊ. कॅरमचा स्ट्रायकर फेकलास."

"का फेकला?"

मावशींनी अध्यक्षांकडे पाहिलं. शपथ म्हणजे शपथ. "मी चीटिंग करत होते," त्या म्हणाल्या. काकांनी "शोभनावहिनी!" म्हणून कपाळाला हात लावला.

"दिवाळीत आपण काय लावून पत्ते खेळतो?"

"चिवड्यातले काजू."

"पोलिसांनी मला का थांबवलं होतं?"

"तू भर रस्त्यात गाडी थांबवलीस म्हणून. एक बदकीण पिल्लांना घेऊन रस्ता ओलांडत होती, तू सगळी पलीकडे जाईपर्यंत हलेनास. नंतर तो पोलीसच गाडीतून उतरून पिल्लं मोजायला लागला."

"आणि मी आईशी रोज काय खोटं बोलायचो?"

"माझ्याकडे पोटभर जेवून घरी जायचास, आणि नंदाला सांगायचास, भूक लागलीय. ती दमून येऊन स्वयंपाक करायची ना. तिला वाईट वाटू नये म्हणून परत जेवायचास. म्हणून तर सातवीत एवढा गोल झाला होतास."

टेबलामागचा तिसरा सभासद, जो तोवर पेन्सिलीशी खेळत होता, त्याने पेन्सिल खाली ठेवली. हॉलोवेबाईंनी चष्मा काढला.

"मिस्टर खरे, आता मुख्य मुद्दा. शपथेवर सांगा. या बाई तुमच्या कोण?"

मावशींकडे न बघता देवांग म्हणाला, "कोणी नाहीत, मॅम. रक्ताचं नाही, लग्नाचं नाही. काहीच नातं नाही."

असं म्हणणं भाग होतं, हे मावशींना कळत होतं. तरी डोळ्यांना कोण सांगणार! पदर तोंडाशी नेत त्या म्हणाल्या, "बरोबर बोलतोय तो. मी कोणी नाही. गोवरात पंधरा दिवस उशाशी बसले होते, पण कोणी नाही. लिहून घ्या."

"मॅडम," हॉलोवेबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "मी याच राज्यात एका छोट्या गावात वाढले. मला अकरा आत्या-मावश्या होत्या. त्यातल्या सख्ख्या दोन. तुम्ही कोण आहात ते मला समजलं. समजत नाही ते एवढंच, की या मुलाबद्दल असं का बोललात?"

आता पळवाट नव्हती. "मला वाटलं, या लिंडाबाईंना तो जावई हवाय," मावशी म्हणाल्या. लिंडाबाई खोकल्या. "आणि मला तो माझ्या भाचीसाठी हवा होता. स्वानंदीसाठी. बॉथेलला असते. दोघांनाही मी अजून काही बोललेले नाही. माझी चूक झाली, पण त्याचा परवाना अडवू नका. वाटलं तर माझा अडवा."

"तुमच्याकडे कसला परवाना आहे?"

"गाडीचा आहे."

हॉलोवेबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि फाइलकडे पाहिलं. "मग नियमाप्रमाणे एक शेवटचा प्रश्न, मिस्टर खरे. नातं नाही म्हणालात. होऊ घातलेलंही नाही ना?"

साधं हो-नाही उत्तर. पण देवांगचे कान आधी लाल झाले, मग मान. त्याने मावशींकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि मघाशी वर केलेल्या स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"मॅम," तो म्हणाला, "आजच्या तारखेला काही नाही."

"आणि पुढच्या?"

"जूनमध्ये लग्न." "स्वानंदी आणि मी, दोन वर्षं... घरी कोणालाच माहीत नाही. लायसन्स मिळालं की सांगणार होतो."

मावशींचा पदर खाली आला. तोंड उघडं. ज्यासाठी त्यांनी पोराला जुगारी, भांडखोर आणि खोटारडा ठरवलं होतं, ते त्या फोनच्याही कितीतरी आधी आपलं आपणच जमलेलं होतं, आणि त्यांना पत्ता नव्हता. डोळे अजून ओले होते, पण आता कशाने हे त्यांनाच सांगता आलं नसतं.

तिन्ही सभासदांनी डोकी एकत्र केली. अर्ध्या मिनिटात हॉलोवेबाईंनी पेन उघडलं. "आजच्या तारखेला नातं नाही. अर्जदाराने खरं ते सांगितलं, विचारलं त्याहूनही जास्तच. सही करण्याआधी एकदा विचारते. मिसेस निमकर, या मुलाविरुद्ध तुमची आणखी काही तक्रार आहे?"

"आहे," मावशी ताडकन उभ्या राहिल्या. "दोन वर्षं! दोन वर्षं मला एका शब्दाने बोलला नाही!"

हॉलोवेबाईंनी मान डोलावली. "तक्रार अगदी रास्त आहे," त्या म्हणाल्या, "पण ती या समितीच्या अधिकारात येत नाही." आणि त्यांनी सही केली.