कोटाच्या बाहीतले हात

"फोटो काढायचा तो याच कॅमेऱ्यानं, सर," जाहिरात एजन्सीच्या बाई म्हणाल्या, "आणि फोटोत तुमच्या हातात दिसायला हवा तोही हाच कॅमेरा."

दिग्दर्शकानं गंभीरपणे मान हलवली. न समजलेल्या गोष्टीवर गंभीरपणे मान हलवता येणं, हे त्याच्या धंद्यातलं निम्मं भांडवल होतं. पलीकडे शिलाई मशीनवर बसलेल्या त्याच्या बायकोनं मात्र पाय थांबवला आणि असे कॅमेरे किती आहेत, असं विचारलं. एकच, बाई म्हणाल्या. कॅमेरा बाजारात यायला अजून चार दिवस होते, आणि त्याचा एकुलता एक नमुना या क्षणी बाईंच्या मांडीवर, मऊ कापडात गुंडाळून, बाळासारखा निजला होता.

बाईंचाही नाइलाज होता. गेल्या वर्षी या कंपनीच्या पोस्टरवरचा फोटो भलत्याच कंपनीच्या कॅमेऱ्यानं काढलेला निघाला आणि साऱ्या बाजारात हसं झालं. तेव्हापासून मुख्य कचेरीनं कानाला खडा लावला होता. जाहिरातीतला फोटो त्याच कॅमेऱ्याचा हवा, नंतर त्यात तिळभर फेरफार नको, आणि कॅमेऱ्यातून निघाला की तो थेट मुख्य कचेरीत जायला हवा. मुदत होती संध्याकाळी पाचची.

"मग आरशात काढा की," बायको म्हणाली. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तिचं कपडे शिवायचं दुकान होतं आणि ट्रायल रूममध्ये जमिनीपासून छतापर्यंत आरसा होता. बाई खूश झाल्या. आरशात कॅमेऱ्याचं नाव उलटं दिसेल हे त्यांच्या ध्यानात आलं, तेव्हा बायकोनं पांढऱ्या रेक्झिनमधून उलटी अक्षरं कापून नावावर चिकटवून दिली. आता अडचण उरली ती एकच, आणि ती बाईंना ठाऊक नव्हती. दिग्दर्शकाला कॅमेरा चालवता येत नव्हता.

यात लाजण्यासारखं तसं काही नाही. दिग्दर्शक खुर्चीत बसतो, समोरच्या पडद्याकडे बघतो आणि "परत" म्हणतो. कॅमेरा चालवायला कॅमेरामन असतो. आपल्या दिग्दर्शकानं आयुष्यात एकदाच कॅमेऱ्याला हात लावला होता, तेव्हा तो स्टँडसकट त्याच्या पायावर पडला होता. पण पोस्टरवर छापायचा मजकूर असा होता: 'वीस वर्षं मी कॅमेऱ्याला डोळा लावून जग बघतोय. आज पहिल्यांदा स्वच्छ दिसलं.' असल्या वाक्याखाली ज्याचं नाव छापायचं, त्यानं बटण कुठे आहे म्हणून विचारणं बरं दिसलं नसतं.

आणि नाही म्हणायचीही सोय नव्हती. त्याचा पहिला चित्रपट गाजून सहा वर्षं झाली होती. दुसऱ्या चित्रपटाची संहिता वाचून निर्माते रडायचे, डोळे पुसायचे आणि पुन्हा फोन उचलायचे नाहीत. अखेर एक जण तयार झाला, तो एका अटीवर: कॅमेऱ्यांची सोय तुम्ही करा. या जाहिरातीच्या बदल्यात कंपनी त्याला असे तीन कॅमेरे कायमचे देणार होती. म्हणजे पाचपर्यंत फोटो गेला तर चित्रपट होणार, नाही तर आणखी सहा वर्षं मान हलवत बसायचं.

कलावंताला एकांत लागतो, असं सांगून त्यानं बाईंना बाहेरच बसवलं आणि कॅमेरा घेऊन ट्रायल रूममध्ये शिरला. साध्या कॅमेऱ्यात एक हिरवं बटण असतं, ते लावलं की मठ्ठ माणसालाही फोटो काढता येतो. हा कॅमेरा भारीतला होता, त्यामुळे त्यात तसली काही सोय नव्हती. तासाभरात दिग्दर्शकानं छताचे नऊ, स्वतःच्या चपलेचे चार आणि निव्वळ काळोखाचे बावीस फोटो काढले, आणि प्रत्येक फोटो इमानदारीनं मुख्य कचेरीत जाऊन पोचला. तिकडून बाईंना फोन आला. सर सध्या प्रकाशाचा शोध घेताहेत, असं बाईंनी सांगितलं.

अशा वेळी एकाच माणसाची आठवण येते. पहिल्या चित्रपटाचा कॅमेरामन दोन गल्ल्या सोडून राहायचा, पण गेलं वर्षभर दोघांचं बोलणं बंद होतं. कारण एक मुलाखत. चित्रपटातली प्रत्येक फ्रेम माझी आहे, असं दिग्दर्शकानं तीत छातीठोकपणे सांगितलं होतं. दिग्दर्शकानं ट्रायल रूममधूनच हळू आवाजात फोन लावला आणि सगळी हकीकत ऐकवली.

"प्रत्येक फ्रेम तुझी ना?" कॅमेरामन म्हणाला. "मग काढ."

फोन बंद झाला. शेवटी बायकोनं लावला. "भावोजी, माझ्यासाठी या," ती म्हणाली. "हे सहा वर्षं घरात आहेत. मी रोज बघते. आता माझ्यानं बघवत नाही." दहा मिनिटांनी कॅमेरामन मागच्या दारानं आत आला, चपला हातात घेऊन.

तो आला खरा, पण कोडं सुटलं नाही. कॅमेरा दिग्दर्शकाच्या हातात हवा आणि चालवायला हवेत कॅमेरामनचे हात. दोघं आरशापुढे उभे राहून एकमेकांच्या हातांकडे बघत राहिले. बायकोनं दाराला टांगलेला गिऱ्हाइकाचा कोट काढला, नवऱ्याला दाखवला आणि कात्रीनं दोन्ही खांद्यांची मागची शिवण उसवली.

पुढच्या पाव तासात जे घडलं, ते कुठल्याही शिवणाच्या क्लासात शिकवत नाहीत. दिग्दर्शकाच्या पाठीमागं एक पडदा टांगला गेला. पडद्याला दोन भोकं पडली, आणखी एक डोळ्यासाठी. पडद्यामागून कॅमेरामनचे हात आले, ते कोटाच्या उसवलेल्या खांद्यांतून बाह्यांत शिरले आणि बाहेर निघून त्यांनी कॅमेरा धरला. दिग्दर्शकाचे स्वतःचे हात कोटाच्या आत, पोटावर घडी घालून ठेवले होते. बायकोनं बटणं लावली, चार टाचण्या मारल्या आणि लांब उभं राहून बघितलं. आरशात दिग्दर्शक उभा होता, हातात कॅमेरा होता आणि तो कॅमेरा, आजच्या दिवसात पहिल्यांदाच, सरळ धरलेला होता.

"थोडं डावीकडे घे," सवयीनं दिग्दर्शक म्हणाला.

"तू फक्त चेहरा सांभाळ," पडदा म्हणाला.

दिग्दर्शकानं चेहरा सांभाळला. आधी विचारमग्न झाला, मग दूर कुठेतरी बघितलं, मग नाकाला खाज सुटली. हात तर आत अडकलेले. त्यानं कुजबुजत विनंती केली, तेव्हा डावा हात लेन्सवरून उठला, नाक खाजवून देऊन परत जागेवर गेला. त्या सुखात दिग्दर्शकाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते उजव्या हातानं अचूक टिपलं. फोटो मुख्य कचेरीत गेला. दोन मिनिटांत बाहेर बाईंचा फोन वाजला आणि त्या अक्षरशः नाचत दारापाशी आल्या. साहेबांना फोटो पसंत होता. विशेषतः हात. साहेब म्हणाले होते की नुसते हात बघूनच माणसानं आयुष्यभर कॅमेरा धरलाय हे कळतं.

पाचला सात मिनिटं कमी होती आणि करारावर सही राहिली होती. तीच सही पोस्टरवरही छापायची होती. कलावंताच्या एकांतात डोकावायचं नाही म्हणून बाईंनी तोंड फिरवून, दाराच्या फटीतून फक्त कागद आणि पेन आत सरकवलं. दिग्दर्शकाचे हात पोटावर. बटणं काढायला वेळ नाही. बाहीतल्या हातांनी मुकाट्यानं पेन घेतलं, झटकन सही केली आणि कागद परत दिला. दार लागलं.

"अरे," कॅमेरामन म्हणाला, "मी माझीच केली."

दिग्दर्शक म्हणाला, जाऊ दे. सही कोण वाचतो?

आणि खरंच कोणी वाचली नाही. चार दिवसांनी मोठ्या सभागृहात कॅमेऱ्याचा सोहळा झाला. रंगमंचावर भिंतभर पोस्टर होतं, दिग्दर्शकाचं ते समाधान, ते हात, ते वाक्य, आणि खाली हातभर लांब, झोकात काढलेली सही. कंपनीचे साहेब स्वतः आले होते. बायको कॅमेरामनला ओढून घेऊन आली होती, दोघं शेवटच्या रांगेत बसले होते. कॅमेरे टेबलावर मांडले होते, तीनही. दिग्दर्शकाला ते इथूनच आपल्या सेटवर दिसायला लागले.

तेवढ्यात साहेबांनी पहिल्या गिऱ्हाइकाला वर बोलावलं आणि दिग्दर्शकासमोर कॅमेऱ्याचं खोकं धरलं. यावर तुमची सही हवी, ही पोस्टरवरची, अगदी अशीच.

दिग्दर्शकानं पेन घेतलं. पोस्टर त्याच्या पाठीमागं होतं. त्यानं मान वळवून बघितलं, खोक्यावर एक रेघ ओढली, परत मान वळवून बघितलं आणि एक वाटोळं काढलं. स्वतःची सही बघून बघून करणारा माणूस समोरच्या लोकांनी याआधी पाहिला नसावा. साहेबांनी हळूच विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?" त्यांची नजर पेन धरलेल्या हातावर गेली, मग पोस्टरवरच्या हातांवर, मग पुन्हा पेनावर. पोस्टरवरच्या हातांवर केस होते.

गेल्या वर्षी हसं झालेला माणूस अशा वेळी कसा दिसतो, ते दिग्दर्शकानं जवळून बघितलं. आपला चित्रपट आता गेला, हे त्याला कळलं, आणि गंमत म्हणजे ते कळल्यावर त्याला बरंच हलकं वाटलं. सहा वर्षांत तो पहिल्यांदाच खरं बोलला.

"सही माझी नाही," तो माइकवर म्हणाला. "हातही माझे नाहीत. शेवटच्या रांगेत बसलाय, त्याचे आहेत. पहिल्या चित्रपटातलेही त्याचेच होते."

मग शेवटच्या रांगेतून एकटीच बायको टाळ्या वाजवायला लागली. शिंप्याच्या हातांना आवाज मोठा असतो. शेजारचे सामील झाले, मग पुढचे, मग सगळेच उठून उभे राहिले. साहेब मुरलेला माणूस. वारा कुठून आहे ते बघून त्यांनी माइक ओढून घेतला आणि फोटोत तर काही फेरफार नाही ना, असं म्हणत आजचा हा गौरव कंपनीनं मुद्दामच घडवून आणल्याचं जाहीर केलं. तीन कॅमेरे, करारात लिहिल्याप्रमाणे, सही करणाऱ्याला देण्यात आले. कॅमेरामन ते कवटाळून खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, आणि दिग्दर्शकाचेही. वर्षभराचा अबोला तिथंच संपला, आणि दुसरा चित्रपट याच कॅमेऱ्यांवर दोघांनी मिळून करायचा हेही तिथंच ठरलं.

इथं संपली असती तर गोष्ट फार गोड झाली असती. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत दिग्दर्शकाच्या नम्रतेची वाहवा झाली आणि मुलाखतीसाठी फोन सुरू झाले. पहिल्या मुलाखतीत त्यानं सगळं श्रेय मित्राला दिलं. दुसरीत श्रेय द्यायला मोठं मन लागतं, असं सांगितलं. तिसरीत, मित्राला आधी पडद्यामागं ठेवून मग जगापुढे आणायची ही सगळी कल्पना मूळ आपलीच होती, असं तो बोलून गेला.

त्याच दुपारी कॅमेरामननं तिन्ही कॅमेरे कपाटात ठेवले, कुलूप लावलं, दुकानात येऊन किल्ली वहिनींच्या हातात दिली आणि चहासुद्धा न घेता निघून गेला. शूटिंग पंधरा दिवसांवर आलं होतं.

चौथा फोन आला तेव्हा बायको टेबलापलीकडे बसली होती. दिग्दर्शकानं घसा खाकरला, पाठ ताठ केली, तिच्याकडे बघितलं आणि पाठ परत सैल सोडली.

"लिहून घ्या," तो फोनमध्ये म्हणाला. "मला कॅमेरा सुरूसुद्धा करता येत नाही. शिवण उसवायची कल्पना माझ्या बायकोची. फोटो मित्राचा. हो, हो, हेच छापा."

मग तुम्ही नेमकं करता काय, असं पलीकडून विचारलं असावं. दिग्दर्शक विचार करून सांगतो म्हणाला. बायकोनं किल्ली टेबलावर ठेवली, पण वर हात तसाच ठेवला.